नमुना क्रमांक चौदा

वर जावं तशी ही इमारत हलकी होत जाते.
सहाव्यावर कॉम्प्युटर, तिथे चपला बाहेर काढतात.
चौथ्यावर इलेक्ट्रॉनिक्स, सोल्डरच्या धुराचा बारीक वास.
दुसऱ्यावर केमिकल, दर आठवड्याला काहीतरी फुटतं.
तळाला मेकॅनिकलची लेथ,
आणि तिच्याही खाली, जिन्याच्या पोटात, आम्ही:
मृदा प्रयोगशाळा. म्हणजे माती.
ऐरोलीच्या खाडीला उधाण आलं
की आधी आमच्या भिंतींना कळतं.

पगारपत्रकावर मी सहायक,
पोरांच्या तोंडी मढवीकाका.
कॉम्प्युटरला नंबर न लागलेली पोरं
पहिल्या दिवशी नाक मुरडत उतरतात.
मी त्यांच्यापुढे पितळेची वाटी सरकवतो.
चिखल थापा. मधोमध खाच पाडा. दांडा फिरवा.
वाटी उचलते, आपटते, उचलते, आपटते,
पंचविसाव्या टोल्याला खाच मिटली पाहिजे.
पंधरालाच मिटली तर पाणी जास्त.
"आणि चाळीसला, काका?"
तर माती अजून ऐकत नाहीये. थोडं पाणी दे.

फेब्रुवारीत घणसोलीमागून नळ्या आल्या,
दोन्ही तोंडांना मेण लावलेल्या.
बोअर सात, खोली साडेचार मीटर, नमुना चौदा.
नळीतून माती सरकत बाहेर आली,
निळसर काळी, लोण्यासारखी,
एका बाजूला शिंपलीचा तुकडा.
वासानेच मी थांबलो.
बाबांची लुंगी अशी वास मारायची
मिठागरावरून आल्यावर.

तृणाली नाकाडे, वडशाची, पीएच.डी. करते,
समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो इथे, आणि तोही खाडीचाच.
तिने वीस मिलिमीटरची चकती कापली,
वरखाली सच्छिद्र दगड ठेवले, वजन चढवलं.
मी डायल वाचायचा, तिने लिहायचं:
पाव मिनिट, एक, सव्वादोन, चार,
सव्वासहा, नऊ, सव्वाबारा, सोळा.
"काका, तुमची पावकी पाठ दिसते."
माझी नाही. बाबांची.
शाळा दोन इयत्ता, पण कोंड्यांचा हिशोब
पावपट-निमपट करत रात्री झोपेतही चालायचा.

दुसऱ्या दिवशी वजन दुप्पट.
तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट.
माती काही बोलत नाही,
फक्त पाणी सोडते आणि थोडी खाली बसते.
काटा इतका हळू सरकतो
की पाहत राहिलं तर सरकत नाही.

अहवालात आकडा आला:
भराव घातल्यावर वीस वर्षांत
एक मीटर, बारा सेंटिमीटर.
दोन विद्यार्थ्यांनी टाळी दिली, सरांनी सही केली.
रात्री भाकर मोडताना मी बाबांना सांगितलं.
ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा.
त्यांनी हात कोपरापासून बोटांपर्यंत मोजला,
मग दुसरा, मग अर्धा.
"अडीच हात. बरोबर हाय.
आमी बांध दर वरसाला उगाच का उचलत होतो?"
आणि कालवणाची वाटी पुढे केली.

परीक्षा संपल्या. शेल्फ रिकामं करायचं होतं.
चौदाची उरलेली माती ओव्हनमधून काढली,
एकशेपाच अंश, चोवीस तास,
भेगा पडून तिची सुपारीएवढी ढेकळं झालेली.
माती पोत्यात टाकली.
ट्रेच्या कडेला एक पांढरी रेघ राहिली,
नखाने खरवडली, जिभेवर ठेवली.

तो ट्रे मी अजून धुतलेला नाही.
खिडकीखाली, रिकाम्या नळ्यांमागे आहे.
परवा नाकाडेने विचारलं, हा कोणाचा?
"मेकॅनिकलचा असेल," मी म्हटलं,
आणि पंधरा नंबरचं मेण सोलायला घेतलं.